परीक्षेच्या हंगामात लावलेला स्टॉल: केम्निट्सजवळच्या एका कंपनीचं प्रकरण

या प्रकरणातली कंपनी अभ्यासासाठी रचलेली आहे. तिच्याभोवतीचं बाकी सगळं, म्हणजे शहर, विद्यापीठ, परमिटचे नियम आणि पगाराचे उंबरठे, खरं आहे. आणि तिने ज्या चुका केल्या त्या जर्मनीतल्या मध्यम आकाराच्या कंपन्यांना अजिबात अनोळखी नाहीत.

कंपनीची अडचण

केम्निट्स हे सॅक्सनी राज्यातलं सुमारे अडीच लाख वस्तीचं शहर. १९५३ ते १९९० या काळात त्याचं नाव कार्ल-मार्क्स-श्टाट होतं. त्याही आधी कापडगिरण्या आणि यंत्रकारखान्यांमुळे लोक त्याला 'सॅक्सनीचं मँचेस्टर' म्हणत. जर्मनीच्या एकीकरणानंतर कारखाने मिटले, तरुण पिढी पश्चिमेकडे गेली, आणि आज तिथल्या कारखानदारांपुढचा मोठा प्रश्न ऑर्डरइतकाच माणसांचा आहे.

आपली कंपनी शहरापासून २५ किलोमीटरवर, एर्त्सगेबिर्गेच्या डोंगराळ भागात. १४० कामगार. वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांची चाचणी घेणारे टेस्ट बेंच बनवते. कंट्रोलरचं सॉफ्टवेअर लिहिणारे पाच जण, त्यातले दोघे २०२८ पर्यंत निवृत्त होणार. तीन जागा भरायच्या होत्या. जर्मन अर्जदार दीड वर्षात चार आले, एकही टिकला नाही.

आणि २५ किलोमीटरवर केम्निट्सचं तंत्रविद्यापीठ. तिथे एम्बेडेड सिस्टिम्स, ऑटोमोटिव्ह सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग असे इंग्रजीतून चालणारे मास्टर्स अभ्यासक्रम आहेत. विद्यापीठात साधारण दर चार विद्यार्थ्यांमागे एक परदेशी, आणि परदेशींमध्ये भारतीयांचा गट मोठा. एकूण जर्मनीत २०२३-२४ च्या हिवाळी सेमिस्टरला ४९ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते. पुणे, नाशिक, कोल्हापूरकडून बी.ई. करून आलेली आणि मधे दोन वर्षं चाकणच्या एखाद्या व्हेंडर कंपनीत घासलेली मुलं यात बरीच सापडतात. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासन आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात झालेल्या कुशल मनुष्यबळाच्या कराराची आपल्याकडे खूप चर्चा झाली, पण तो इथून माणसं पाठवण्याचा विषय. हे प्रकरण आधीच तिथे पोहोचलेल्यांचं आहे. त्यांना व्हिसा लागत नाही, विमान लागत नाही, फक्त कंपनीच्या दारापर्यंतची बस लागते. तरीही पहिल्या खेपेला एकही माणूस मिळाला नाही.

पहिली खेप: ६३ अर्ज, शून्य माणसं

कंपनीने जुलै २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात विद्यापीठात माहितीचा स्टॉल लावला. जुलैअखेर म्हणजे उन्हाळी सेमिस्टरच्या परीक्षांचा ऐन हंगाम. येणारे घाईत, अर्ज टाकून पळणारे. तरीही ६३ अर्ज जमले.

मग ते एचआरच्या एकाच बाईंकडे गेले. पगारपत्रकही त्याच बघायच्या आणि ऑगस्टमध्ये तीन आठवडे रजेवर होत्या. पहिलं उत्तर नवव्या आठवड्यात गेलं. पाच मुलाखती झाल्या आणि एकाला ऑफर दिली. त्याने तोवर श्टुटगार्टमध्ये करार केला होता. बाकीच्यांपैकी ४४ जणांना नकारसुद्धा कळवला नाही. हा शेवटचा भाग कंपनीला किरकोळ वाटला. पण भारतीय विद्यार्थ्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप सेमिस्टरगणिक वारशाने पुढे जातात, आणि 'तिथे टाकू नकोस, उत्तरच देत नाहीत' हे वाक्य त्यात वर्षभर फिरत राहतं.

उशीर हे एक कारण झालं. अर्ज चाळतानाच जी गळती झाली ती जास्त बोधक आहे.

एचआरने सगळे अर्ज एक्सेलमध्ये भरले आणि 'अंतिम गुण' या रकान्यावर चढत्या क्रमाने लावले. जर्मनीत १.० म्हणजे सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे जेमतेम पास. ज्यांनी बी.ई.चा सीजीपीए ८.२ असा लिहिला होता ते यादीत तळाला गेले, नापासांच्याही खाली. खरं तर रूपांतराचं सूत्र साधं आहे: कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि किमान-पास यांच्यातल्या फरकाने भागायचं, आलेल्या उत्तराला ३ ने गुणायचं आणि १ मिळवायचा. कमाल १०, पासची रेषा ४ धरली तर ८.२ चे होतात १ + ३ × (१.८ ÷ ६), म्हणजे १.९. जर्मनीत हा चांगलाच निकाल मानतात. ही बेरीज-वजाबाकी अर्जदाराने स्वतःच सीव्हीत एका ओळीत लिहून द्यावी. समोरचा करेल या भरवशावर राहू नये.

नावांचा घोळ तर खास आपला. पासपोर्टवर 'दिलेलं नाव' या ओळीत मुलाचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं. महाराष्ट्रातल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. दोन कागदांवर दोन क्रम पाहून एचआरने दोन अर्जदारांची कागदपत्रं 'जुळत नाहीत' म्हणून बाजूला ठेवली. एकाला तर मुलाखतीचं पत्र वडिलांच्या नावाने गेलं.

तिसरी गळती: अर्जदारांकडे भारतीय पदवीच्या मान्यतेचं प्रमाणपत्र मागितलं. त्याची गरजच नव्हती. जर्मन विद्यापीठाची मास्टर्स पदवी हातात आली की नोकरीच्या परमिटसाठी तीच पुरते, पुण्याच्या बी.ई.ची वेगळी मान्यता लागत नाही. शिकत असताना अर्धवेळ काम करायला तर मुळीच नाही. सात जणांनी हा कागद कुठून आणायचा म्हणून माघार घेतली.

आणि भाषा. जाहिरातीत लिहिलं होतं, 'जर्मन मातृभाषा असलेले उमेदवार'. एक तर असं लिहिणं जर्मनीच्या समान वागणूक कायद्याखाली वांशिक मुळावरून केलेला भेदभाव ठरू शकतं आणि भरपाईचा दावा ओढवू शकतं. भाषेची गरज असेल तर पातळी लिहावी, जन्म नव्हे. दुसरं म्हणजे ती गरज खोटी होती. टेस्ट बेंचच्या सॉफ्टवेअर विभागात कोड, डेटाशीट आणि ग्राहकाची कागदपत्रं इंग्रजीत होती. जर्मन लागत होतं ते वर्कशॉपमधल्या वायरिंग करणाऱ्या लोकांशी बोलायला आणि सुरक्षेच्या सूचना समजायला. त्याला बी१, म्हणजे रोजच्या व्यवहारापुरती मधली पातळी, पुरते.

दुसरी खेप: पदवीधर नको, दुसऱ्या सेमिस्टरचा विद्यार्थी हवा

नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनीने प्रश्न उलटा मांडला. तयार इंजिनिअर शोधण्याऐवजी वर्किंग स्टुडंट, म्हणजे शिकता शिकता अर्धवेळ काम करणारे, म्हणून चार विद्यार्थी घ्यायचे, त्यांच्याकडून वर्षभर खरं काम करून घ्यायचं, थिसिस तिथेच द्यायचा आणि मग बोलायचं. या प्रकरणाचा सगळा जीव या एका निर्णयात आहे. पदवीच्या वेळी भेटणारा विद्यार्थी दहा कंपन्यांना भेटलेला असतो. दुसऱ्या सेमिस्टरमधल्याला अजून कोणी विचारलेलं नसतं, आणि त्याला त्या वेळी पैशाची सर्वांत जास्त गरज असते. व्हिसासाठी ब्लॉक खात्यात (पैसे एकदम काढता न येणाऱ्या बँक खात्यात) दाखवलेली ११,९०४ युरोंची रक्कम दरमहा ९९२ च्या हप्त्याने बाहेर येते आणि बाराव्या महिन्यात संपते. घरी बहुधा शैक्षणिक कर्ज चालू असतं.

विद्यापीठापर्यंत जायचे रस्ते तीन वापरले. करिअर सर्व्हिसकडे जाहिरात दिली, ते काम अर्ध्या तासाचं. फॉर्म्युला स्टुडंट, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः रेसिंग कार बनवण्याची स्पर्धा, त्यातल्या गटाला जुने सेन्सर आणि एक दिवस बेंच वापरायला दिला. तिसरा रस्ता सर्वांत उपयोगी ठरला: ज्या प्राध्यापकांच्या विभागात एम्बेडेड सिस्टिम्सची प्रयोगशाळा चालते, त्यांच्या सहायकाला विचारून तिथे संध्याकाळी दोन तास. भाषण नाही, ब्रोशर नाही. कंपनीच्या दोन इंजिनिअरांनी एक बिघडलेला कंट्रोलर नेला आणि तो सगळ्यांसमोर उघडला. तारीख नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबरात सुरू होतं, म्हणजे वर्ग बसलेले, परीक्षा लांब. उन्हाळी सेमिस्टरसाठी हीच खिडकी एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत असते.

जाहिरात इंग्रजी आणि जर्मन, दोन्हींत. त्यात पाच गोष्टी होत्या: काय काम, आठवड्याला किती तास, ताशी किती युरो, कुठली बस किती वाजता, आणि उत्तर किती दिवसांत. शेवटच्या कलमापुढे 'दहा दिवस' लिहिलं आणि पाळलं. अर्ज आले ३१. संख्या निम्म्यावर आली, कारण उगाच टाकणारे गळाले.

मुलाखतीतला १२० ओहम

मुलाखत ५० मिनिटांची. पहिली ४० एका टेबलाशी. टेबलावर कॅन बसने (वाहनातले इलेक्ट्रॉनिक भाग ज्या दोन तारांवरून एकमेकांना संदेश पाठवतात तिने) जोडलेले तीन बोर्ड, एक मल्टीमीटर, एक ऑसिलोस्कोप. बसवरचे संदेश मधूनमधून गळतात. कारण शोधा.

कारण कंपनीनेच पेरलेलं होतं: बसच्या दोन टोकांपैकी एका टोकाचा टर्मिनेटर काढून ठेवला होता. कॅन बसच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध हवा. वीज बंद करून दोन तारांमधला रोध मोजला तर दोन्ही जागेवर असताना ६० ओहम दिसतो, एक गायब असेल तर १२०. ज्याने कधी प्रत्यक्ष वायरिंगला हात लावलाय तो आधी वीज बंद करतो आणि मीटर उचलतो. ज्याने फक्त सिम्युलेशन केलंय तो लॅपटॉप उघडून कोड वाचायला लागतो. मुलाखतीला आलेल्या अकरा जणांपैकी चौघांनी दहा मिनिटांच्या आत १२० वाचलं.

त्यातला एक जण वाचून गप्प बसला. मुलाखत घेणाऱ्याने जर्मनमध्ये विचारलं, काय दिसतंय? मुलगा अडखळला. जुन्या पद्धतीने तो तिथेच बाद झाला असता. इथे शेजारच्या इंजिनिअरने कागद पुढे सरकवला. मुलाने बसचं चित्र काढलं आणि डाव्या टोकाला गोल केला. निवड झालेल्या चौघांत तो होता. आमच्या मते तांत्रिक पदासाठी भाषेची परीक्षा आणि कामाची परीक्षा एकाच वेळी घेणं म्हणजे दोन्हींचा निकाल बिघडवणं.

तास, दिवस आणि पगारपत्रक

चौघे एप्रिल २०२५ पासून रुजू झाले. आठवड्याला १६ तास, म्हणजे दोन पूर्ण दिवस, ताशी १५ युरो. त्या वर्षी किमान वेतन १२.८२ युरो होतं, जानेवारी २०२६ पासून ते १३.९० झालं. वर्गणी कापण्याआधी महिन्याला सरासरी १,०४० युरो पगार पडू लागला, म्हणजे साधारण ब्लॉक खात्याच्या हप्त्याइतका.

इथे दोन वेगवेगळे कायदे एकाच माणसाला लागू होतात आणि एचआरची गल्लत बहुतेक इथेच होते.

पहिला परमिटचा. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. हा आकडा मार्च २०२४ पासूनचा. त्याआधी १२० आणि २४० होता, आणि जुने तक्ते अजून बऱ्याच ऑफिसांच्या भिंतीवर आहेत. चार तासांपर्यंतचं काम अर्धा दिवस, त्यावरचं पूर्ण. याला पर्याय म्हणून आठवड्याचा हिशेब चालतो: वर्ग चालू असताना आठवड्यात २० तासांच्या आत काम केलं तर तो आठवडा अडीच दिवसांचा धरतात, आणि सुट्टीच्या काळातला आठवडा कितीही तास भरले तरी अडीचच. विद्यार्थ्याला जो हिशेब सोयीचा तो त्या आठवड्याला लावायचा. म्हणजे ५२ आठवडे अडीचने मोजले तरी १३० होतात. वर्षभर काम करूनही दहा दिवस शिल्लक. अभ्यासक्रमात सक्तीची असलेली इंटर्नशिप आणि विद्यापीठातलं सहायकाचं काम यात मोजत नाहीत.

दुसरा कायदा सामाजिक विम्याचा. वर्ग चालू असताना २० तासांच्या आत राहिलं तर या नोकरीवर आरोग्य, शुश्रूषा आणि बेकारी विम्याची वर्गणी लागत नाही. फक्त पेन्शनची, एकूण १८.६ टक्के, ढोबळ मानाने निम्मी-निम्मी. महिन्याचा पगार २,००० युरोंच्या आत असल्याने विद्यार्थ्याचा वाटा थोडा कमी आणि कंपनीचा थोडा जास्त पडतो. विद्यार्थ्याचा स्वतःचा आरोग्य विमा असलाच पाहिजे, तो त्याचा तो भरतो.

जूनमध्ये एक जण शनिवार-रविवारी जेवणाचे डबे पोहोचवतो असं कळलं, आठवड्याला नऊ तास. दोन्ही कायद्यांत सगळ्या नोकऱ्यांची बेरीज होते. १६ आणि ९ मिळून २५. विम्याच्या नियमात संध्याकाळ आणि शनिवार-रविवारच्या कामाला काही सवलती आहेत, परमिटच्या आठवडी हिशेबात नाहीत; तिथे तो आठवडा अडीच दिवसांचा न राहता दिवसागणिक मोजला जातो. त्याचे झाले चार दिवस. त्या गतीने १४० दिवस ३५ आठवड्यांत संपले असते. त्याने डबे सोडले आणि कंपनीने त्याचे तास १८ केले. तेव्हापासून रुजू होताना आणि दर सेमिस्टरला एक पानी अर्ज भरून घेतात: दुसरीकडे कुठे, किती तास, कोणत्या दिवशी. सोबत परमिट कार्डाची आणि त्याच्या जोडकागदाची प्रत. कामाच्या अटी कार्डावर पूर्ण मावत नाहीत, त्या जोडकागदावर असतात, आणि तोच कागद बहुतेक फाइलींत नसतो.

रजा विसरू नये. पूर्णवेळ माणसाला पाच दिवसांच्या आठवड्यावर ३० दिवस रजा, तर दोन दिवस येणाऱ्याला १२. चौघांपैकी कोणी मागितलीच नाही. आपली मुलं मागत नाहीत, वाटतं विद्यार्थ्याला कुठली रजा. सप्टेंबरात पगारपत्रकावर ती आपोआप दिसू लागली तेव्हा एकाने चुकून छापलंय का म्हणून विचारलं.

इंटर्नशिपबद्दल एवढंच: अभ्यासक्रमातली सक्तीची इंटर्नशिप किमान वेतनाच्या बाहेर असते. ऐच्छिक इंटर्नशिप तीन महिन्यांपर्यंत बाहेर. ऐच्छिक आणि सहा महिन्यांची ठरवली तर पहिल्या दिवसापासून किमान वेतन. 'सहा महिने, ६०० युरो, ऐच्छिक' अशी जाहिरात जिथे दिसेल तिथे कंपनीला कायदा माहीत नाही असं समजावं.

पहिले तीन महिने कुठे अडलं

कामात फारसं नाही. अडलं ते बोलण्यात आणि येण्याजाण्यात.

वर्कशॉप सकाळी ६ ला सुरू होतं. शहरातून पहिली सोयीची बस ६.४० ला गावात पोहोचते. पहिल्या दोन आठवड्यांत चौघेही 'उशिरा' येत होते, आणि फोरमनच्या वहीत तशी नोंद होत होती. टेस्ट विभागाची वेळ साडेसात केली, विषय संपला. खर्च शून्य.

भाषेचा किस्सा बारीक आहे. सॅक्सनीच्या बोलीत 'नू' म्हणजे 'हो'. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात बी१ करून आलेला मुलगा वायरिंगवाल्याला विचारतो, लाइन बंद केली का? समोरून उत्तर, 'नू'. मुलाने ते 'नाही' असं घेतलं आणि वाट पाहत उभा राहिला. पाच मिनिटांनी दोघेही वैतागले. उलटं घडलं असतं तर हसण्यावारी गेलं नसतं. तेव्हापासून वीज बंद-चालूच्या बाबतीत तोंडी उत्तर चालत नाही. कुलूप आणि लाल टॅग लागलेला डोळ्यांनी पाहायचा. हा नियम जर्मन कामगारांनाही लागू केला, आणि खरं तर तो आधीपासून हवाच होता.

सुरुवातीला प्रत्येक विद्यार्थ्यामागे अनुभवी इंजिनिअरचे आठवड्याला तीन तास जात होते. जुलैपर्यंत ते एकावर आले. याच काळात व्यवस्थापनाचा धीर सुटतो, कारण विद्यार्थ्याची ताशी १५ युरो किंमत दिसते आणि त्याच्यामुळे गुंतलेल्या वरिष्ठाची दिसत नाही. कंपनीने हे तास प्रकल्पावर न टाकता प्रशिक्षणाच्या वेगळ्या खात्यावर टाकले. विभागप्रमुखाची तक्रार त्यामुळे बंद झाली.

थिसिस

ऑक्टोबर २०२५ पासून दोघांनी मास्टर्स थिसिस कंपनीत घेतला. विषय कंपनीचा असला तरी प्रश्न प्राध्यापकाला पटावा लागतो. 'आमचं जुनं सॉफ्टवेअर नव्या कंट्रोलरवर आणा' हा थिसिस नाही, ते काम आहे. त्यातून तुलना किंवा मोजमाप काढावं लागतं: दोन पद्धतींनी संदेश गळण्याचं प्रमाण किती, वेळेतली चूक किती. कंपनीने आधी पाठवलेला विषय परत आला आणि त्यात तीन आठवडे गेले. म्हणून विषय थिसिसच्या दोन महिने आधी, अर्ध्या पानात, प्राध्यापकांकडे जायला हवा.

गुप्ततेचा करार करताना कंपनीच्या वकिलाने 'काहीही प्रसिद्ध करू नये' असं कलम घातलं. परीक्षकांनी थिसिस वाचायलाच नको की काय! शेवटी थिसिस ठरावीक काळ ग्रंथालयात खुला न ठेवण्याची नोंद आणि ग्राहकांची नावं वगळणं यावर मिटलं.

विद्यार्थ्याचा कर्मचारी होताना

नोव्हेंबर २०२५ मध्ये दोघांना कायम नोकरीची ऑफर दिली, थिसिस संपायच्या चार महिने आधी. वार्षिक ४५,००० युरो, म्हणजे महिना ३,७५०. एचआरने पाहिलं होतं की ब्ल्यू कार्डासाठी (युरोपीय संघाबाहेरच्या पदवीधर कर्मचाऱ्यांना किमान पगाराच्या उंबरठ्यावर मिळणारं परमिट) इंजिनिअर आणि आयटीसारख्या टंचाईच्या व्यवसायांना, तसंच पदवीनंतर तीन वर्षांच्या आतल्या नवपदवीधरांना कमी उंबरठा लागतो आणि २०२५ साठी तो ४३,७५९.८० युरो आहे. मग झालं ना!

झालं नाही. उंबरठा दर १ जानेवारीला बदलतो, कारण तो पेन्शन विम्याची वर्गणी जास्तीत जास्त ज्या वार्षिक पगारावर मोजतात त्या मर्यादेला बांधलेला आहे: सर्वसाधारण उंबरठा तिच्या ५० टक्के, कमी उंबरठा ४५.३ टक्के. २०२६ साठी मर्यादा १,०१,४०० झाली आणि कमी उंबरठा ४५,९३४.२०. मुलं अर्ज करणार होती वसंतात. ४५,००० ची ऑफर ९३४ युरो आणि २० सेंटांनी तोकडी पडली. कराराला पुरवणी जोडून महिना ३,९००, वर्षाला ४६,८०० केले. बोनस, जेवणाची कूपनं, अनिश्चित ओव्हरटाइम यांच्या भरवशावर उंबरठा गाठू नये. करारात लिहिलेली पक्की रक्कमच धरावी.

पगार उंबरठ्याखाली राहिला तर दार बंद होत नाही. पदवीधर कुशल कर्मचाऱ्याचं साधं परमिट आहे. त्यात ठरावीक आकडा नसतो, पण पगार स्थानिक जर्मन कर्मचाऱ्याच्या तोडीचा आहे का हे केंद्रीय रोजगार संस्था तपासते. त्यासाठी मालकाने नोकरीच्या तपशिलाचा ठरावीक फॉर्म भरायचा. फॉर्म पूर्ण असेल आणि संस्थेने दोन आठवड्यांत काहीच कळवलं नाही तर संमती मिळाली असं धरतात. अपुरा भरला तर हे दोन आठवडे सुरूच होत नाहीत. 'कामाचं वर्णन' या रकान्यात 'इंजिनिअर' एवढाच शब्द लिहिणं ही नेहमीची चूक. चार-पाच वाक्यं लिहावीत, पदवीशी नातं दिसेल अशी.

मग तारखांचा खेळ. एकाचा अंतिम निकाल २० एप्रिलला लेखी कळवला गेला. वर्किंग स्टुडंटची विम्याची सवलत त्या महिन्याअखेर, ३० एप्रिलला संपते, विद्यापीठाचं ओळखपत्र सप्टेंबरपर्यंत चालू असलं तरी. १ मेपासून त्याला सगळे विमे लागू. पगार विभागाला हे कोणी सांगत नाही आणि तपासणीत मागची वर्गणी कंपनीच्या माथी येते. म्हणून निकालाचं पत्र ज्या दिवशी येईल त्या दिवशी एचआरला पाठवायचं, हे ऑफरच्या पत्रातच लिहून दिलं होतं.

दुसरीकडे, निकाल लागला म्हणून पूर्णवेळ काम करता येत नाही. जोडकागदावर अजून विद्यार्थ्याच्या अटी असतात. परदेशी नागरिक कार्यालयाची भेट काही आठवडे पुढची मिळते. पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी १८ महिन्यांचं परमिट मिळतं आणि त्यावर कुठलंही काम करता येतं, पण तेही हातात यावं लागतं. कंपनीने १ मेचा करार लिहायच्या मोहाला बळी न पडता कलम असं घातलं: 'नोकरी १ जूनपासून, किंवा या कामाची मुभा देणारं परमिट मिळेल त्या दिवसापासून, जे नंतर असेल ते.' अर्ज निकालाची वाट न पाहता मार्चमध्येच भरला. पदवीचं प्रमाणपत्र छापून यायला वेळ लागतो, म्हणून विद्यापीठाचा तात्पुरता दाखला नंतर जोडला. एकाला १ जून गाठता आला, दुसऱ्याला २२ जून.

रुजू झाल्यावर मालकावर आणखी एक बंधन येतं. ज्या नोकरीसाठी परमिट दिलं ती मुदतीआधी संपली तर ते कळल्यापासून चार आठवड्यांत परदेशी नागरिक कार्यालयाला कळवायचं.

कोण राहिलं, कोण गेलं

चौघांपैकी दोघे कायम झाले. तिसरा थिसिससाठी म्युनिकला गेला. पगार जास्त होता, आणि त्याची बायको तिथे शिकत होती. त्याला रोखायचा प्रयत्न कंपनीने केला नाही आणि बरं केलं, कारण पुढच्या खेपेचे दोन अर्जदार त्यानेच पाठवले. चौथ्याचं पहिलं वर्षच परीक्षेत अडकलं. त्याचे तास हिवाळ्यात आठवर आणले. अजून तो येतो.

चार विद्यार्थ्यांच्या वर्षभराच्या पगाराचा खर्च, ४६ आठवडे धरून, सुमारे ४४ हजार युरो, वर कंपनीची पेन्शनची वर्गणी. त्यात दोन बेंचचं सॉफ्टवेअर पूर्ण झालं, म्हणजे हे पैसे निव्वळ भरतीवर गेले असं म्हणता येत नाही.

कायम झालेल्या दोघांना टिकवण्याचा प्रश्न आता पुढे आहे. ब्ल्यू कार्डावर स्थायी वास्तव्याचा परवाना २७ महिन्यांत मिळू शकतो, आणि जर्मन बी१ असेल तर २१ महिन्यांत. म्हणजे भाषेने सहा महिने वाचतात. कंपनी आठवड्यात दोन दिवस दुपारी चारनंतर गावातच जर्मनचा वर्ग चालवते आणि तो तास कामात धरते. काही विभागप्रमुखांना भीती वाटते की स्थायी परवाना मिळाला की मुलं उडून जातील. जाणारे ब्ल्यू कार्डावरही जातात: पहिल्या बारा महिन्यांत नोकरी बदलायची तर कार्यालयाला कळवावं लागतं आणि अटी बसत नसतील तर ते बदल अडवू शकतं, त्यानंतर ही अडवणूक नाही.

एप्रिल २०२६ ची जाहिरात या दोघांनीच लिहिली. मजकूर एका पानाचा आहे. वर ताशी दर आणि बसची वेळ, मधे कामाचं वर्णन. खाली एक ओळ त्यांनी स्वतःहून जोडली, एचआरने विचार करून ठेवली: 'सीजीपीए लिहिताना शेजारी जर्मन गुण लिहा, आणि तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारायची तेही.'